अकरावा आणि उरलेले दहा



 

देवरूखात फुटबॉलवर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते स्वाभाविक आहे. आपला मुलूख कबड्डीचा आणि खोखोचा. भात कापून शेतं मोकळी झाली की क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. फुटबॉल आपण पाहतो तो बहुतेक टीव्हीवर, विश्वचषक आला की. पण आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे तो कुठल्याही खेळाला लागू पडतो, आणि खेळाबाहेरही. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघात एखादा असामान्य खेळाडू निपजला, तर तो त्या संघाला कुठवर नेऊ शकतो? आणि त्याची ताकद कुठे संपते?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहता येईल. मोठा खेळाडू संघाला जे देतो ते त्याच्या गोलांपेक्षा पुष्कळ मोठं असतं. पण ते टिकवण्याची जबाबदारी त्याची नसते, इतरांची असते. भारतीय फुटबॉलने ही जबाबदारी दोन वेळा अर्ध्यावर टाकली. त्या दोन्ही वेळची गोष्ट आज सांगायची आहे.

पहिली गोष्ट १९५६ ची आणि आपल्या शेजारच्या माणसाची. गोव्यात बार्देश तालुक्यात आसगाव आहे. तिथले नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचे. त्यांचं जन्मगाव तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि हा गोवेकर भारताची जर्सी घालून मेलबर्न ऑलिम्पिकला गेला.

त्या संघाकडे कुणी आशेने पाहत नव्हतं. त्याला कारणही होतं. चारच वर्षांपूर्वी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. आपले बरेचसे खेळाडू त्या सामन्यात अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले.

मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. डिसोझांनी त्या दिवशी तीन गोल केले, चौथा किट्टूंचा, आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात पहिला गोल झाला तो भारताचा, आणि करणारे पुन्हा डिसोझाच. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले त्यांच्यावर भारताची आघाडी! ती फार वेळ टिकली नाही. सामना १-४ ने गेला, तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ०-३ ने हार झाली. पण ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये चौथं स्थान मिळालं. त्याच्यावरचं स्थान भारताला आजपर्यंत मिळालेलं नाही. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणारे तीन खेळाडू होते. त्यांतले एक डिसोझा.

या गोष्टीत आपल्या डोळ्यांत भरतो तो तीन गोल करणारा माणूस. मला त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका माणसाबद्दलही सांगायचं आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने शिक्षक, आणि भारतीय संघाचे प्रशिक्षक. हेलसिंकीला दहा गोल खाल्ले तेव्हाही संघ रहीम यांच्याच हाताखाली होता. एवढी नामुष्की झाल्यावर माणूस बदलणं सोपं होतं. तरी मेलबर्नलाही संघ त्यांच्याकडेच होता. त्यांनी तो नव्याने बांधला. समर बॅनर्जी कर्णधार, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज असे खेळाडू जुळवले, त्यांना एका पद्धतीने खेळायला शिकवलं. डिसोझांच्या पायाशी चेंडू नेमक्या जागी आला, कारण तो तिथे आणून देणारे तयार केले गेले होते.

त्या घडणीला सर्वांत गोड फळ आलं १९६२ मध्ये, जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हार. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेलसिंग बचावपटू. रहीम यांनी त्यांना टाके घातलेल्या डोक्यानिशी थेट आघाडीला खेळवलं. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी झाला, भारताने तो २-१ ने जिंकला आणि दोन गोलांपैकी एक जर्नेलसिंग यांचा होता. त्या संघात मूळचे गोव्याच्या कोलवाळचे आणि मुंबईत वाढलेले फोर्चुनातो फ्रँको मधल्या फळीत होते. चुनी गोस्वामी, पी. के., बलराम हे तिघेही त्या काळचे मोठे तारे. पण त्या सुवर्णपदकाचा धनी कोण असं विचारलं तर एकाचं नाव घेता येत नाही, आणि हीच त्या संघाची खरी थोरवी.

रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यामागे त्यांचं काम पुढे नेणारी यंत्रणा उभी राहिली नाही. जग नव्वद मिनिटं खेळत होतं आणि आपल्याकडचे देशातले सामने सत्तरच्या दशकापर्यंत सत्तर मिनिटांचेच राहिले. ज्या वीस मिनिटांत दमलेला संघ उघडा पडतो, त्या वीस मिनिटांचा सरावच आपल्या खेळाडूंना नव्हता. १९७० मध्ये बँकॉकला आशियाई कांस्यपदक मिळालं आणि त्यानंतर उतरती कळा लागली. ही पहिली वेळ.

आता दुसरी गोष्ट. ती मुंबईतल्या अंधेरीच्या मैदानावरची आहे आणि जूनमधल्या पावसातली.

२०१८ सालच्या १ जूनला अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताचा सामना चिनी तैपेईशी होता. चार देशांची स्पर्धा, इंटरकॉन्टिनेन्टल कप. भारताने सामना ५-० ने जिंकला. कर्णधार सुनील छेत्रीने त्यात तीन गोल केले. सामना पाहायला प्रेक्षक किती होते? २,५६९. मुंबईसारख्या शहरात, देशाचा संघ खेळत असताना. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून एक छोटी चित्रफीत काढली. युरोपातल्या क्लबांचे चाहते असणाऱ्यांना त्याने सांगितलं, की आमचा दर्जा तुमच्या आवडत्या क्लबांच्या जवळपासही नाही हे मान्य आहे, तरी मैदानावर या. आम्हाला शिव्या घाला, टीका करा, ओरडा, पण या. विराट कोहलीने आणि आपल्या सचिन तेंडुलकरने ते आवाहन लोकांपर्यंत नेलं.

४ जूनला केनियाविरुद्धचा सामना होता. छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. तिकिटं संपली. आणि नेमका त्या संध्याकाळी पाऊस आला. कसा, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मैदानात पाणी साचलं. चेंडू मारला की दोन हातांवर थबकायचा. पास देणं कठीण, धावणं कठीण. मध्यंतरापर्यंत गोल नाही. प्रेक्षक भिजत बसून राहिले. ६८ व्या मिनिटाला भारताला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीने ती गोलात घातली. तिसऱ्याच मिनिटाला त्याचा साथीदार जेजेने दुसरा गोल केला. सामना संपता संपता छेत्रीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलून तिसरा गोल केला. १० जूनच्या अंतिम सामन्यात भारताने केनियाला पुन्हा हरवलं, २-० ने, आणि दोन्ही गोल छेत्रीचे होते. संपूर्ण स्पर्धेत त्याने आठ गोल केले.

या प्रसंगात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं आवाहन. देशाच्या कर्णधाराला लोकांना हात जोडून बोलवावं लागणं ही लाजिरवाणी गोष्ट होती. ती लाज त्याने स्वतःवर घेतली. स्वतःसाठी टाळ्या त्याने मागितल्या नाहीत, संघासाठी प्रेक्षक मागितले. त्या रात्री मैदानात उतरलेल्या तरुण पोरांना पहिल्यांदाच भरलेल्या स्टेडियमचा आवाज ऐकू आला असेल. असा आवाज पाठीशी असला की माणूस एरवी जिथे धाव सोडतो तिथे आणखी दहा पावलं धावतो.

हा छेत्री कोण? सैन्यातल्या माणसाचा मुलगा, आई नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेली. २००५ सालच्या १२ जूनला पाकिस्तानात क्वेट्टा इथे तो भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात त्याने गोल केला. २००८ मध्ये दिल्लीत एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली आणि त्या विजयामुळे भारत २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरला. १९८४ नंतर पहिल्यांदा. उंची बेताची, धाव काही वाऱ्यासारखी नव्हे. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी समजायचं. शिस्त अशी की वयाच्या चाळिशीत आल्यावरही त्याच्या अंगावर सैल मांस दिसलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. असा खेळाडू संघाला वर नेतो म्हणजे नेमकं काय करतो?

पहिलं काम तो चेंडूला पाय न लावता करतो. समोरचा संघ त्याच्यावर दोन माणसं ठेवतो. दोन माणसं एकावर गेली की कुठेतरी एक जागा मोकळी पडते. ती जागा दिसणारा आणि तिथे धावणारा साथीदार असेल तर गोल होतो, नसेल तर दोघांनी मिळून त्या बिचाऱ्याला कोपऱ्यात दाबलं एवढंच.

वेल्सचं उदाहरण घ्या. गॅरेथ बेल हा त्या चिमुकल्या देशाचा जगातला सर्वांत नावाजलेला खेळाडू. २०१६ च्या युरो स्पर्धेसाठी पात्र होताना वेल्सने जे अकरा गोल केले त्यांतले सात एकट्या बेलचे. म्हणजे दारापर्यंत त्यानेच नेलं. पण दाराच्या आत काय झालं? उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमसारख्या मातब्बर संघाला वेल्सने ३-१ ने हरवलं, आणि त्या तीन गोलांत बेलचा एकही गोल नव्हता. ॲश्ली विल्यम्स, हॅल रॉब्सन-कानू आणि सॅम व्होक्स यांनी गोल केले. यांतला रॉब्सन-कानू त्या काळात कुठल्याही क्लबच्या करारात नव्हता, म्हणजे चक्क बेकार होता. बचावपटूंच्या नजरा बेलवर होत्या, आणि बेकार माणसाने युरोपातल्या बलाढ्य संघाच्या बचावाला गुंगारा दिला. वेल्स उपांत्य फेरीत गेला.

छेत्रीच्या संघानेही असा एक दिवस पाहिला. २०१९ सालच्या ६ जानेवारीला अबू धाबीत, आशिया चषकाच्या पहिल्या सामन्यात, समोर थायलंड. मध्यंतराला १-१. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. उदांता सिंग उजवीकडून वेगाने आत आला, त्याने चेंडू आशिक कुरुनियानकडे दिला. गोलाकडे पाठ असलेल्या आशिकने तो अडवून ठेवला नाही, अलगद छेत्रीच्या वाटेत सोडला. छेत्री धावतच आला आणि पहिल्याच फटक्यात चेंडू जाळ्यात. हा गोल कुणाच्या नावावर आहे ते नोंदवहीत आहे. पण तो तिघांचा गोल आहे. पुढे अनिरुद्ध थापाने, विशीतल्या पोराने, गोलरक्षकावरून चेंडू उचलला, मग बदली आलेल्या जेजेने चौथा गोल केला. ४-१. आशिया चषकात १९६४ नंतरचा भारताचा हा पहिला विजय होता. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपला प्रशिक्षक काढून टाकला, यावरून या निकालाचा धक्का किती मोठा होता ते समजेल.

दुसरं काम तो सरावात करतो. वर्षानुवर्षं सर्वांत मोठा असलेला खेळाडू जेव्हा सर्वांत आधी मैदानावर येतो आणि सर्वांत शेवटी जातो, तेव्हा विशीतल्या पोराला कारणं सांगायला जागा उरत नाही. प्रशिक्षकाच्या भाषणाने जे होत नाही ते अशा माणसाच्या नुसत्या वावराने होतं. २०१५ च्या मार्चमध्ये फिफाच्या क्रमवारीत भारत १७३ वा होता. २०१७ च्या जुलैमध्ये तो ९६ वर आला. त्याचं श्रेय एकट्या छेत्रीला देणं योग्य नाही, पण त्या चढणीवर संघाचा सूर लावणारा तो होता, हे कुणी नाकारणार नाही.

तिसरं काम म्हणजे अंधेरीला पाहिलं ते. लोकांचं लक्ष, पैसा, प्रतिष्ठा खेळाकडे ओढून आणणं.

ही तीन कामं पाहिली. आता मर्यादा.

२०१९ च्या त्याच आशिया चषकात पुढे काय झालं? संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२ ने हार. शेवटच्या सामन्यात बहरीनशी बरोबरी केली असती तरी भारत बाद फेरीत गेला असता. नव्वद मिनिटं संघ टिकला आणि वाढीव वेळेत पेनल्टी देऊन बसला. ०-१. छेत्री मैदानावर होता. पण गोल वाचवण्याचं काम आघाडीचा खेळाडू करू शकत नाही, आणि त्या सामन्यात संघ पुढे चेंडू नेऊच शकत नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत भारत दोह्यात कतारविरुद्ध खेळला. कतार तेव्हा आशियाचा विजेता. छेत्री तापाने आजारी, संघाबाहेर. सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. भारताने सामना ०-० सोडवला. गुरप्रीतसिंग संधू गोलमध्ये उभा राहिला आणि त्याने एकामागून एक फटके अडवले. ज्या रात्री तारा नव्हता त्या रात्री उरलेल्या सगळ्यांनी आपापला वाटा वाढवून घेतला. मला त्या निकालाचा आनंद झाला आणि चिंताही वाटली. हीच माणसं एरवी छेत्रीकडे पाहत थांबतात का, असा प्रश्न त्या रात्री उभा राहिला.

या सवयीची किंमत पुढे मोजावी लागली. २०२४ सालच्या ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्ध ०-० अशा बरोबरीनंतर छेत्री निवृत्त झाला. १५१ सामने, ९४ गोल. त्या वेळी खेळत असलेल्या संघातल्या दुसऱ्या कुणाच्याही नावावर दोन आकडी गोल नव्हते. त्या कॅलेंडर वर्षात भारत अकरा सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. मग २०२५ च्या मार्चमध्ये चाळिशी गाठलेल्या छेत्रीला परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत ३-० ने जिंकला. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा आणि तिसरा छेत्रीचा. आपल्याला वाटलं, सुटलो. पण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. आधीच्याच महिन्यात, प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली, छेत्रीशिवाय गेलेल्या संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला होता. ताईत गळ्यात बांधला की संकट टळतं, असं मैदानावर होत नाही.

दोष छेत्रीचा नाही. दोष त्याच्यामागे दुसरा तयार न करणाऱ्यांचा. इंडियन सुपर लीगमध्ये वर्षानुवर्षं बहुतेक क्लबांनी आघाडीच्या मधल्या जागेवर परदेशी खेळाडू खेळवले. सामना जिंकायचा तर क्लबला ते सोयीचं असतं, त्यात गैर काही नाही. पण गोल करण्याची जबाबदारी ज्याने वर्षभर एकदाही घेतली नाही, तो देशासाठी एका रात्रीत कशी घेणार? छेत्रीलासुद्धा क्लबमध्ये कित्येकदा कडेला खेळावं लागलं. देशाकडे गोल करणारा एकच होता आणि दुसरा कधी रांगेत उभाच केला गेला नाही. ही दुसरी वेळ.

आपल्याला कबड्डी कळते, म्हणून एवढी एक गोष्ट तिच्या भाषेत सांगतो. चढाईपटू कितीही तरबेज असो, एखाद्या चढाईत पकडला जातोच. पकडला गेला की तो बाद होऊन बाहेर बसतो. आता त्याला आत आणायचं कुणी? त्याच्या हातात काही नसतं. मागे राहिलेल्यांनी गुण घेतला, कुणाला पकडलं, तर तो जिवंत होतो. तालुक्यातल्या कुठल्याही मंडळाला हे ठाऊक आहे, म्हणून चांगलं मंडळ एका चढाईपटूवर चालत नाही. कोपरा, साखळी, सगळ्यांवर मेहनत घेतं. भारतीय फुटबॉलने आपल्या सर्वोत्तम चढाईपटूला वीस वर्षं चढाईला पाठवलं आणि मागे साखळी धरलीच नाही.

ही व्यथा आपलीच नाही. लायबेरियाच्या जॉर्ज वेआने १९९५ मध्ये जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान मिळवला. देश यादवी युद्धात होरपळत होता. संघाकडे पैसे नव्हते, तर वेआने स्वतःच्या खिशातून गणवेश घेतले, प्रवासाचा खर्च केला. त्याच्या जोरावर लायबेरिया दोन वेळा आफ्रिकी चषकाला पात्र ठरला. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत लायबेरियाला १५ गुण मिळाले, नायजेरियाला १६. एका गुणाने विश्वचषक हुकला आणि वेआ कधीच विश्वचषक खेळला नाही. एका माणसाने देशासाठी जितकं करता येईल तितकं त्याने केलं. त्याच्याहून जास्त एकाला करता येत नाही.

आता दुसरं टोक बघा. आइसलँड. २०११ च्या सुमारास तिथली लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सोळा लाखांच्या वर होती, म्हणजे या एका जिल्ह्यात तेव्हा जवळजवळ पाच आइसलँड मावले असते. तिथे हिवाळा इतका कडक की वर्षातले कित्येक महिने उघड्यावर खेळता येत नाही. त्यांनी काय केलं? छपराखालची मैदानं बांधली, आणि लहान मुलांना शिकवायलाही रीतसर प्रशिक्षित माणसं नेमली. त्यातून जी पिढी आली तिने २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ ने हरवलं आणि दोन वर्षांनी ती विश्वचषक खेळली. त्या संघात चांगले खेळाडू होते, पण वेआ किंवा बेलच्या तोडीचा जगविख्यात एकही नव्हता.

आपल्याकडे तसा हिवाळा नाही, पण पावसाळा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपली मैदानं बंद असतात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि मुलांचा खेळ त्याच वेळी थांबतो. कातळावर गवत धरत नाही, मातीत चिखल होतो. आइसलँडचा बर्फ आणि आपला पाऊस यांनी मुलांसमोर उभी केलेली अडचण एकच आहे. तिच्यावरचा उपायही ठाऊक आहे: तालुक्याच्या ठिकाणी एक छप्पर असलेलं मोठं मैदान आणि त्यावर वर्षभर पगार घेऊन काम करणारे प्रशिक्षक. हे काम कुठल्याही ताऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि जिल्हा परिषदेच्या, शिक्षणसंस्थांच्या, मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांच्या मंडळांच्या आवाक्यातलं आहे.

घाटावर कोल्हापूर पाहा. तिथे पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की अख्खं गाव लोटतं. ही परंपरा कुणा एका ताऱ्याने उभी केलेली नाही, पिढ्यांनी चालवली. आणि तिथूनच अनिकेत जाधव आला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची तयारी झाली आणि २०१७ मध्ये भारतात झालेला सतरा वर्षांखालील विश्वचषक तो देशाकडून खेळला. तालीम आधी, मग क्रीडा प्रबोधिनी, मग देशाचा संघ. ही पायरी जिथे आहे तिथून खेळाडू येतो, मग त्याला तारा म्हणा किंवा म्हणू नका.

आणखी एक ताजं उदाहरण देतो. ते मला फार आशा देतं. २०२५ सालच्या ५ जुलैला थायलंडमधल्या चिआंग माई इथे भारताच्या महिला संघाने यजमान थायलंडला २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा महिला आशिया चषक गाठला. दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरचे. सामन्याआधी या संघातल्या एकाही मुलीचं नाव देशातल्या घराघरांत माहीत नव्हतं. त्या अकराजणींनी एकमेकींना वर उचललं.

तर मग ताऱ्याची गरज काय, असं मला म्हणायचं नाही. गरज आहे, फार आहे. डिसोझांनी हॅटट्रिक केली नसती तर रहीम यांच्या कष्टांना जगाने ओळखलं नसतं. छेत्रीने अंधेरीच्या सामन्यांसाठी आवाहन केलं नसतं तर आपल्याला आपला संघ आहे हेच आठवलं नसतं. मोठा खेळाडू काय शक्य आहे ते दाखवतो. पण ते रोजचं करण्याचं काम उरलेल्यांचं, आणि त्या उरलेल्यांत मैदानाबाहेरचे आपणही येतो. मुलगा चांगला खेळतो हे दिसल्यावर दहावीच्या वर्षी त्याचा खेळ बंद करणारे पालक, शाळेतला क्रीडाशिक्षक दुसऱ्याच कामाला जुंपणारी व्यवस्था, गावातलं मैदान बांधकामाला देणारी ग्रामसभा, या सगळ्यांचा हिशेब राष्ट्रीय संघाच्या निकालात शेवटी येतोच.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने देवरूखकरांकडे एक मागणं मागतो. आपल्या पंचक्रोशीत एखादं मूल विलक्षण खेळताना दिसलं तर त्याचं कौतुक करा, सत्कार करा, शाल द्या. पण त्याच दिवशी त्याच्याबरोबर खेळणाऱ्या दहा मुलांची नावंही लिहून घ्या आणि त्यांच्या सरावाची सोय करा. कारण ते एक मूल उद्या जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळायला लागलं, तर त्याला त्या दहांच्या तोडीचे साथीदार लागतील. ते नसले तर तो एकटा जितकं उचलेल तितकंच उचललं जाईल, आणि एक दिवस थकून तो खाली ठेवेल. ते दहा तयार असतील तर त्याच्यानंतरही खेळ चालू राहील. भारतीय फुटबॉलला साठच्या दशकात आणि आता पुन्हा जे जमलं नाही, ते एका तालुक्याने करून दाखवायला काहीच हरकत नाही.